मास्क वाढवून डीआरपीई सुरक्षित होत नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. एम.टेक.च्या प्रकल्पात तुम्ही डबल रँडम फेज एन्कोडिंग, म्हणजे डीआरपीई, ही प्रकाशीय एन्क्रिप्शनची (चित्र गुप्त रूपात बदलण्याची) पद्धत मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये उभी केली आहे. चित्र २५६ बाय २५६ पिक्सेलचे. सुरक्षा वाढावी म्हणून पिक्सेल आधी अर्नोल्ड मॅपने, म्हणजे पिक्सेलच्या जागा बदलणाऱ्या सूत्राने, विस्कटले, फेज मास्क (प्रकाशलहरीचा फेज, म्हणजे कला, पिक्सेलगणिक बदलणारे पडदे) लॉजिस्टिक मॅप या केऑसच्या, म्हणजे यादृच्छिक भासणाऱ्या आकड्यांच्या, सूत्रातून काढले आणि आउटपुट प्रतलावर तिसरा मास्क लावला. सायफरच्या, म्हणजे एन्क्रिप्ट झालेल्या चित्राच्या, फेजचा हिस्टोग्राम सपाट आला, एन्ट्रॉपी (विस्कळीतपणाचे माप) ८ पैकी ७.९९ आली, शेजारच्या पिक्सेलमधला सहसंबंध शून्याला टेकला. तरी रिव्ह्यूअरने ‘सुरक्षेचे विश्लेषण अपुरे’ असा शेरा मारून पेपर परत केला. आता तुम्ही विचारताय की चौथा मास्क लावू, की नेहमीचे फूरिये रूपांतर (चित्राला वारंवारतांमध्ये मोडणारे गणित) सोडून त्याच्या फ्रॅक्शनल प्रकारावर जाऊ?

दोन्ही करू नका. तुमच्या यंत्रणेत मास्क कमी पडलेले नाहीत. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत रेषीय आहे (दोन चित्रांच्या बेरजेचे सायफर म्हणजे त्यांच्या सायफरची बेरीज) आणि तेच मास्क प्रत्येक चित्राला वापरले जातात, दुखणे इथे आहे. रेषीय यंत्रणेत आणखी एक रेषीय पायरी घातली तरी ती रेषीयच राहते. किल्लीची लांबी कागदावर वाढते, हल्लेखोराचे काम मात्र फारसे वाढत नाही.

मी आधी होलोग्राफीच्या प्रयोगशाळेत काम केले आणि नंतर डेटा सुरक्षेच्या तपासणीत आलो, त्यामुळे हा विषय दोन्ही बाजूंनी पाहायची सवय आहे. प्रकाशशास्त्राची माणसे विचारतात, ‘चुकीच्या किल्लीने चित्र दिसते का?’ सुरक्षेची माणसे विचारतात, ‘किल्ली सोडून सगळी यंत्रणा हल्लेखोराच्या हातात दिली, तर तो काय काय करू शकेल?’ हा दुसरा प्रश्न ऑगस्ट केरकॉफ्सने १८८३ सालीच मांडून ठेवला होता. तुमचा पेपर पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि रिव्ह्यूअर दुसरा विचारतो आहे.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. तुमच्याकडे खरोखर लेझर, भिंगे आणि एसएलएम (प्रकाशाचा फेज पिक्सेलगणिक बदलणारा पडदा) मांडलेले टेबल आहे, की सगळे संगणकातच चालते? गुपित राखायचे आहे, की वस्तू अस्सल आहे हे सिद्ध करायचे आहे? हल्लेखोर तुमच्या यंत्रातून स्वतःचे चित्र घालून घेऊ शकतो का, की त्याच्या हाती फक्त सायफर पडते? माझ्या सल्ल्यातला निम्मा भाग या तीन उत्तरांवर बदलतो. प्रश्नावरून मी असे धरतो की सगळे संगणकात चालते, हेतू गुपिताचा आहे, आणि हल्लेखोर कोण हे पेपरमध्ये कुठेच लिहिलेले नाही.

आता मूळ रचना. फिलिप रेफ्रेजिए आणि बहराम जाविदी यांनी १९९५ साली ती मांडली. चित्राला पहिला यादृच्छिक फेज मास्क चिकटवायचा, भिंगाने फूरिये रूपांतर करायचे, फूरिये प्रतलात दुसरा मास्क लावायचा आणि दुसऱ्या भिंगाने परत यायचे. दोन भिंगांची ही मांडणी म्हणजे प्रकाशशास्त्रातली नेहमीची ४एफ, म्हणजे एकूण चार फोकल लांबींची रचना. बाहेर येते ते पांढऱ्या गोंगाटासारखे दिसते. कल्पना देखणी होती आणि आजही आहे, कारण भिंग हे सगळे प्रकाशाच्या वेगाने, एका दमात करते.

उलगडताना काय होते ते बघा. सायफरचे फूरिये रूपांतर घ्यायचे, दुसऱ्या मास्कने झालेला फेज काढून टाकायचा, परत फिरायचे. हाती येते चित्र गुणिले पहिला मास्क. पहिला मास्क फक्त फेज बदलतो, आणि कॅमेऱ्याला फेज दिसत नाही, तीव्रता दिसते. म्हणजे साधे चित्र परत मिळवायला पहिला मास्क लागतच नाही. तुम्ही किल्लीच्या संख्येत तो धरला आहे, तिथून तो काढा. चित्र स्वतःच फेजमध्ये कोरलेले असेल तरच पहिला मास्क किल्लीचा भाग ठरतो.

आता हल्ला. एक पूर्ण काळे चित्र घ्या आणि डाव्या वरच्या कोपऱ्यातला एकच पिक्सेल पांढरा करा. अशा एका ठिपक्याचे फूरिये रूपांतर म्हणजे सगळीकडे सारखी किंमत. त्यावर दुसरा मास्क लागला की फूरिये प्रतलात उरतो तो नुसता दुसरा मास्क. सायफरवर एकदा एफएफटी२ (मॅटलॅबमधली फूरिये रूपांतराची आज्ञा) चालवा आणि फेज काढा, समोर तुमची किल्ली असते, पिक्सेलला पिक्सेल. २५६ पातळ्यांचा २५६ बाय २५६ चा मास्क म्हणजे २ चा ५,२४,२८८ वा घात इतक्या किल्ल्या, असे पेपरमध्ये अभिमानाने लिहिलेले असते. ती अख्खी किल्ली एका चित्रात बाहेर येते. मॅटलॅबमध्ये हे जेमतेम दहा ओळींचे काम आहे. बार्सिलोनाच्या कार्निसेर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली निवडलेल्या सायफरचा (हल्लेखोर स्वतः निवडलेली सायफर उलगडून घेतो तो) हल्ला दाखवला, आणि २००६ साली पेंग आणि सहकाऱ्यांनी ठिपक्याच्या चित्राचा हा मार्ग दाखवला. म्हणजे मूळ डीआरपीईचे हे दुखणे वीस वर्षांपासून जगजाहीर आहे, आणि रिव्ह्यूअरला ते माहीत आहे.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे अर्नोल्ड मॅप आहे. अर्नोल्ड मॅपमध्ये कोपऱ्यातला शून्य-शून्य पिक्सेल कितीही फेऱ्या मारल्या तरी जागचा हलत नाही. म्हणजे वरचे एका ठिपक्याचे चित्र त्याच्यातून जसेच्या तसे पार होते. शिवाय हा मॅप ठरावीक फेऱ्यांनी मूळ जागी परत येतो: २५६ च्या चित्राला १९२ फेऱ्यांनी, ५१२ च्या चित्राला ३८४ फेऱ्यांनी. फेऱ्यांची संख्या हीच किल्ली धरली, तर तुमच्याकडे १९२ किल्ल्या आहेत. आठ बिटसुद्धा पुरते होत नाहीत.

तिसऱ्या मास्ककडे जरा नीट बघू, कारण सगळेजण इथेच थांबतात. तो इनपुटला चिकटून असता तर पहिल्या मास्कमध्ये विरघळला असता. फूरिये प्रतलात असता तर दुसऱ्यात. तुम्ही तो आउटपुटला लावला आहे, म्हणून एका ठिपक्याच्या चित्रातून आता दुसरा मास्क थेट मिळत नाही. मिळतो तो एक गुणाकार: तिसरा मास्क गुणिले दुसऱ्या मास्कचे व्यस्त फूरिये रूपांतर. या रूपांतराला आपण ‘ब’ म्हणू.

मग हल्लेखोर दुसरे चित्र घालतो, ठिपका एक घर उजवीकडे. या सायफरमध्ये तिसरा मास्क तोच असतो, फक्त ‘ब’ एक घर सरकलेला असतो. दोन सायफरचा पिक्सेलवार भागाकार केला की तिसरा मास्क कापला जातो आणि उरते ‘ब’ च्या शेजारच्या दोन किमतींचे गुणोत्तर. ओळीच्या टोकापासून गुणत गेले की अख्खी ओळ मिळते. तिसरे चित्र, ठिपका एक घर खाली, या ओळी एकमेकींना जोडून देते. ‘ब’ मिळाला की पहिल्या सायफरला त्याने भागायचे, तिसरा मास्कही मिळतो. एक रेषीय फेज अनिश्चित राहतो, पण तो पहिल्या मास्कमध्ये जाऊन बसतो, आणि तीव्रता पाहताना पहिल्या मास्कशी कुणाला देणेघेणे नाही हे वर आलेच. अर्नोल्डमुळे ठिपका नेमका शेजारी न सरकता दुसरीकडे गेला असेल, तर १९२ शक्यता संगणकावर तपासायच्या. तुमची तीन थरांची यंत्रणा तीन चित्रांत पडते. चौथा मास्क घातला तर आणखी काही चित्रे लागतील, एवढाच फरक.

फ्रॅक्शनल फूरियेचेही तेच. आय.आय.टी. दिल्लीच्या उन्नीकृष्णन, जोबी जोसेफ आणि केहर सिंग यांनी २००० साली डीआरपीई फ्रॅक्शनल फूरियेमध्ये नेले, आणि ते काम उत्तम आहे. पण ते रूपांतर रेषीय आहे. त्याचा ‘घात’ ही जादाची किल्ली होते खरी, पण त्या किल्लीच्या किती किमती एकमेकींपासून वेगळ्या ओळखू येतात हे मोजा. फ्रेनेल पद्धतीत (भिंगाशिवाय, प्रकाशाला नुसते ठरावीक अंतर जाऊ देण्याच्या) अंतर आणि तरंगलांबी किल्ली म्हणून धरतात, तिथेही हाच हिशेब लागतो. समजा अंतर १०० ते ५०० मिलिमीटरमध्ये कुठेही असू शकते आणि ०.१ मिलिमीटरचा फरक ओळखता येतो. झाल्या ४,००० किमती, म्हणजे साधारण १२ बिट. तरंगलांबीचे तर बाजारात मिळणारे लेझरच ठरलेले: ४०५, ५३२, ६३२.८ नॅनोमीटर आणि अजून थोडे. एईएस या प्रचलित डिजिटल एन्क्रिप्शनच्या सर्वांत लहान किल्लीला १२८ बिट असतात.

आता लॉजिस्टिक मॅप. इथे तुमच्या प्रकल्पात एक छुपे भगदाड असण्याची दाट शक्यता आहे, आणि ते फार कमी जण तपासतात. सूत्रातल्या म्यू या गुणकाची किंमत ४ असताना लॉजिस्टिक मॅपच्या किमती शून्य ते एकमध्ये समान विखुरलेल्या नसतात. त्या दोन टोकांना, शून्याजवळ आणि एकजवळ, गर्दी करतात. तुम्ही ही किंमत थेट २ पायने गुणून फेज केला असेल, तर शून्य फेज आणि २ पाय फेज ही एकच दिशा आहे. म्हणजे दोन्ही टोकांची गर्दी एकाच दिशेला जमा होते आणि मास्कची सरासरी शून्य येत नाही, ०.३० येते. गणित बेसेल फलनातून सरळ निघते, आणि मॅटलॅबमध्ये मीन घेऊन एका मिनिटात तपासताही येते.

याचा परिणाम असा की फूरिये प्रतलातून साधारण ९ टक्के ऊर्जा मास्कला न जुमानता सरळ पुढे जाते. सायफरमध्ये मूळ चित्राची, म्हणजे तुमच्या बाबतीत अर्नोल्डने विस्कटलेल्या चित्राची, एक फिकट छाया पडलेली असते. हल्लेखोराने सायफरची तीव्रता घ्यावी, अर्नोल्डच्या १९२ शक्यता उलट फिरवून बघाव्यात आणि प्रत्येक वेळी सोळा बाय सोळाच्या चौकोनांची सरासरी काढावी. चित्र ठळक अक्षरांचे असेल तर बरोबर फेरीला अक्षरांचा आकार वर येतो. किल्ली नाही, स्वतःचे चित्र घालायची सोय नाही, फक्त एक सायफर. तुमचा तिसरा मास्कही इथे उपयोगी पडत नाही, कारण तो तीव्रतेला हात लावत नाही.

म्यू ४ पेक्षा कमी ठेवून तीही किल्ली धरली असेल, तर वेगळा धोका. त्या पट्ट्यात मॅप मधूनमधून आवर्ती होतो. ३.८३ च्या आसपास तर तीनच किमती पुन्हा पुन्हा येत राहतात. अशी किल्ली कुणाच्या नशिबी आली तर मास्क यादृच्छिक उरतच नाही. केऑस हा शब्द ऐकायला भारी वाटतो, पण सुरक्षित यादृच्छिक संख्या काढायला चाचा२० किंवा एईएसचा काउंटर मोड अशी वर्षानुवर्षे तपासलेली साधने फुकट उपलब्ध असताना लॉजिस्टिक मॅप वापरायचे कारण मला दिसत नाही.

मग एन्ट्रॉपी, हिस्टोग्राम, सहसंबंध, आणि एनपीसीआर, यूएसीआय (चित्र जरासे बदलल्यावर सायफर किती बदलते याची मापे) यांचे काय? ते आकडे खोटे नाहीत, पण ते वेगळीच गोष्ट मोजतात. सायफर डोळ्याला आणि साध्या सांख्यिकीला गोंगाटासारखे दिसते, एवढेच त्यातून कळते. एकाच यादृच्छिक तक्त्याशी प्रत्येक चित्र एक्सॉर (दोनदा केली की रद्द होणारी बिटवार क्रिया) करत गेलात तरी हिस्टोग्राम सपाट येईल आणि एन्ट्रॉपी ७.९९ च येईल. आणि दोन सायफर एकमेकांशी एक्सॉर केले की तक्ता गळून पडेल आणि दोन मूळ चित्रांचा एक्सॉर उघडा पडेल. हे आकडे तपासणीची पहिली पायरी म्हणून ठेवा. त्यांना सुरक्षेचा पुरावा म्हणू नका. रिव्ह्यूअरचा राग बहुधा याच शब्दावर आहे.

आणखी एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक डीआरपीई पेपरमध्ये गुण म्हणून येते: सायफरचा निम्मा भाग कापून टाकला तरी चित्र ओळखू येते. कापाकापी सोसणे हा साठवणुकीच्या दृष्टीने गुणच आहे. पण त्याच गुणधर्माची दुसरी बाजू अशी की मास्कचे निम्मे पिक्सेल बरोबर असले तरी चित्र ओळखू येते. हल्लेखोराला अचूक किल्ली शोधायची गरजच उरत नाही, बरीचशी जवळची पुरते. २००६ साली गोपीनाथन आणि सहकाऱ्यांनी सिम्युलेटेड अ‍ॅनिलिंग ही टप्प्याटप्प्याने सुधारत जाणारी शोधाची रीत वापरून अशी अंदाजी किल्ली काढून दाखवली. एईएसमध्ये किल्लीचा एक बिट चुकला तरी हाती निव्वळ कचरा येतो.

आता थोडे खोलात, कारण ‘दर वेळी नवा मास्क वापरतो’ एवढ्याने सगळे मिटेल असे कुणालाही वाटेल. दुसरा मास्क नुसता फेज बदलतो, मोठेपणा (लहरीची उंची) बदलत नाही. म्हणून मूळ डीआरपीईमध्ये सायफरच्या फूरिये रूपांतराचा मोठेपणा हा ‘चित्र गुणिले पहिला मास्क’ याच्या फूरिये रूपांतराचा मोठेपणा असतो, दुसरा मास्क कोणताही असो. मूळ चित्रही माहीत असेल तर दोन्ही प्रतलांतले मोठेपणे माहीत झाले. अशा वेळी फेज शोधायची गेर्शबर्ग आणि सॅक्स्टन यांची रीत १९७२ पासून प्रकाशशास्त्राच्या प्रत्येक प्रयोगशाळेत वापरात आहे.

चित्र माहीत नसेल तरीही वाट आहे. चित्र आणि पहिला मास्क मिळून प्रकाशाच्या दृष्टीने एक खडबडीत वस्तू तयार होते. तिच्या फूरिये प्रतलातल्या ठिपक्यांच्या नक्षीचा, म्हणजे स्पेकलचा, स्वसहसंबंध (नक्षी सरकवल्यावर स्वतःशीच किती जुळते ते) काढला की त्यात चित्राच्या तीव्रतेच्या फूरिये रूपांतराचा मोठेपणा दडलेला सापडतो. तिथून फेज शोधून चित्रापर्यंत पोचता येते. शांघायच्या एका गटाने २०१७ साली हे फक्त सायफरवरून, प्रत्यक्ष प्रयोगाने करून दाखवले. साध्या, मोकळ्या चित्रांवर हे चांगले चालते. गजबजलेल्या छायाचित्रावर अवघड जाते. पण सुरक्षेच्या कामात ‘अवघड जाते’ यावर विसंबून राहत नाहीत.

तुमच्या तिसऱ्या मास्कबद्दल इथे एक चांगला शब्द बोलायला हवा. आउटपुटला असल्यामुळे तो ही फूरियेची गळती अडवतो. दर वेळी नवा असेल तर खरोखरच अडवतो. म्हणजे तो काढून टाका असे मी म्हणत नाही, तो कशासाठी आहे ते पेपरमध्ये नीट लिहा.

दर वेळी नवे मास्क घेतल्यावरही दोन गोष्टी उरतात. एक, एकूण ऊर्जा. फेज मास्क ऊर्जा खात नाहीत, म्हणून उजळ चित्राचे सायफर जास्त ऊर्जेचे आणि काळोख्या चित्राचे कमी ऊर्जेचे. पूर्ण काळे चित्र घाला, सायफर शून्य येईल. ‘या दोन चित्रांपैकी कोणते एन्क्रिप्ट झाले ते सांग’ हा आधुनिक सुरक्षेतला अगदी प्राथमिक सवाल आहे, आणि तो इथे पहिल्याच फटक्यात सुटतो. दोन, खाडाखोड. मूळ डीआरपीईचे सायफर गोलाकार वीस पिक्सेल सरकवा, उलगडलेले चित्रही वीस पिक्सेल सरकलेले मिळेल. दोन सायफरची बेरीज करा, उलगडल्यावर दोन्ही चित्रे एकमेकांवर चढलेली दिसतील. किल्ली न कळता संदेशात ढवळाढवळ करता येते आणि घेणाऱ्याला पत्ताही लागत नाही. वैद्यकीय प्रतिमांसाठी डीआरपीई सुचवणारे पेपर वाचताना मला याचीच सगळ्यांत जास्त काळजी वाटते.

इथवरचे थोडक्यात: एकच किल्ली पुन्हा वापरली की तीन ठिपक्यांत ती बाहेर येते. लॉजिस्टिक मॅपचा मास्क कच्चा असू शकतो. नवे मास्क घेतले तरी ऊर्जा गळते आणि खाडाखोड कळत नाही. हे चार मुद्दे तुमच्या पेपरमध्ये आकड्यांसह आले तर रिव्ह्यूअरचा शेरा निम्मा मिटला.

आता उपाय. मी हे काम हाती घेतले तर असे करेन. चित्राची माहिती आधी एईएस-जीसीएम किंवा चाचा२०-पॉली१३०५ ने एन्क्रिप्ट करेन. गुप्तता आणि खाडाखोडीची खूण, दोन्ही गोष्टी तिथेच मिळतात. मग त्या बाइट्सवर रीड-सॉलोमनसारखे चूक-दुरुस्तीचे कोडिंग चढवेन. हा क्रम उलटा करू नका. प्रकाशातून आलेल्या माहितीत स्पेकलमुळे काही बिट चुकतातच, आणि जीसीएमला एक बिट चुकलेला चालत नाही, तो सगळा संदेश नाकारतो. म्हणून चुका आधी दुरुस्त होऊन मगच माहिती उलगडायला गेली पाहिजे. त्यानंतर बाइट्स फेजच्या पातळ्यांमध्ये बदलेन, मोठेपणा सगळीकडे एक ठेवून. त्यामुळे प्रत्येक चित्राची ऊर्जा सारखीच होते आणि ती गळती बंद होते. मग डीआरपीई: २५६ बिटांच्या एका मूळ किल्लीतून, दर संदेशाला नवा नॉन्स (एकदाच वापरायचा आकडा) घेऊन, चाचा२० ने काढलेले ताजे मास्क. मूळ किल्ली ३२ बाइट्सची, म्हणून देवाणघेवाण सोपी. नाहीतर २५६ बाय २५६ चा प्रत्येक मास्क ६४ केबीचा होतो, आणि रोज असे मास्क सुरक्षितपणे पोचवणार कसे, हा प्रश्न पेपरमध्ये कुणी विचारतच नाही.

तुम्ही लगेच विचाराल की गुप्तता एईएसनेच दिली तर प्रकाशाचे काम काय उरले? प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचे सरळ उत्तर पेपरमध्ये द्यायला हवे. सगळे मॅटलॅबमध्येच चालत असेल तर गुप्ततेसाठी प्रकाशाचे काम काही उरत नाही. संगणकात चालवलेले डीआरपीई हे एईएसपेक्षा कमकुवत आणि जास्त जागा खाणारे डिजिटल सायफर आहे. कारण त्याचे सायफर संमिश्र संख्यांचे असते, प्रत्येक पिक्सेलला दोन आकडे.

खरे टेबल असेल तर चित्र बदलते. होलोग्राफिक साठवणुकीत माहिती पान-पान करून एकदम लिहिली-वाचली जाते, तिथे फेज मास्क पानांना वेगळे ठेवायला उपयोगी पडतात, आणि निम्मे सायफर गेले तरी वाचता येण्याचा गुण तिथे सोन्यासारखा आहे. अस्सलपणा तपासण्यात तर प्रकाशाला तोड नाही. २००२ साली एमआयटीच्या रवि पप्पू आणि सहकाऱ्यांनी इपॉक्सीत काचेचे बारीक गोळे मिसळून एक छोटा तुकडा केला. त्यावर लेझर टाकला की येणारी स्पेकलची नक्षी त्या तुकड्याची ओळख ठरते, आणि तसाच दुसरा तुकडा घडवणे कुणाला जमत नाही. किल्ली वस्तूतच असते, फाइलमध्ये नसते. ‘ऑप्टिकल सुरक्षा’ यावरच प्रकल्प करायचा तुमचा आग्रह असेल, तर या बाजूला वळणे मला जास्त अर्थपूर्ण वाटते.

ज्यांच्याकडे टेबल आहे त्यांच्यासाठी एक व्यावहारिक गोष्ट. साधारण एसएलएमचा पिक्सेल ८ मायक्रॉनचा असतो. फूरिये प्रतलातला मास्क एक पिक्सेल सरकला तरी चित्र जाते आणि पडद्यावर नुसते स्पेकल राहते. हे पाहून पुष्कळ जण लिहितात की जुळणीची अचूकता हीसुद्धा एक किल्ली आहे. तसे नाही. हल्लेखोर ही जुळणी संगणकात करतो, तिथे सरकवून पाहायला एक मिलिसेकंदही लागत नाही. त्रास फक्त प्रामाणिक वापरणाऱ्याला होतो. चित्र गोंगाटविरहित हवे असेल तर माहिती आधी क्यूआर कोडमध्ये घालण्याची कल्पना वापरा. बारेरा, मिरा आणि टोरोबा यांनी ती २०१३ साली मांडली: उलगडलेला क्यूआर कोड डागाळलेला आला तरी फोन तो वाचतो, कारण चूक-दुरुस्ती कोडमध्येच आहे. मात्र क्यूआरने सुरक्षा वाढत नाही, वाचनाची खात्री वाढते. उलट सगळ्या क्यूआरचे तीन कोपरे सारखेच असल्याने हल्लेखोराला मूळ चित्राचा काही भाग फुकटात माहीत होतो. म्हणून त्यात घालायची माहिती आधी एन्क्रिप्ट केलेली असू द्या आणि मास्क ताजे ठेवा.

अरेषीय पद्धतींबद्दलही तुम्ही ओझरते विचारले आहे. २०१० साली चिन आणि पेंग यांनी फेज-ट्रंकेशनची पद्धत मांडली. तिच्यात फूरियेनंतरचा फेज टाकून दिला जातो, त्यामुळे रेषीयता मोडते. दिशा योग्य होती. पण २०१२ साली तिच्यावरही हल्ला झाला, पुन्हा त्याच फेज शोधण्याच्या आवर्ती रीतीने. तिला ‘असममित’ म्हणतात म्हणून ती आरएसएसारखी सार्वजनिक किल्लीची (एन्क्रिप्ट करायची किल्ली उघड ठेवणारी) पद्धत समजू नका. उलगडायची किल्ली प्रत्येक चित्रागणिक नवी तयार होते आणि ती गुपचूप पोचवावीच लागते. अरेषीय पायरी घातली म्हणजे सुरक्षा आली असे मानता येत नाही. घातलेल्या पायरीवर हल्ला करून बघावा लागतो. आणि २०१९ पासून त्या हल्ल्यांमध्ये न्यूरल नेटवर्कचीही भर पडली आहे: एकाच किल्लीच्या चित्र-सायफर जोड्या हजारोंनी मिळाल्या की नेटवर्क किल्ली न काढताच नवीन सायफरवरून चित्र ओळखायला शिकते. ताजे मास्क असले तर त्याला शिकायला काही मिळत नाही.

पेपर दुरुस्त करताना पहिल्या पानावर हल्लेखोराचे वर्णन लिहा: त्याला काय माहीत आहे, तो काय घालू शकतो, किती सायफर पाहू शकतो. मग सुरक्षेच्या प्रकरणात मूळ डीआरपीई, तुमची सध्याची यंत्रणा आणि सुधारलेली यंत्रणा, तिन्हींवर तेच हल्ले चालवून शेजारी शेजारी निकाल दाखवा: एक ठिपका, तीन ठिपके, काळे चित्र, सरकवलेले सायफर, आणि लॉजिस्टिकची छाया. सध्याच्या यंत्रणेवर हल्ला यशस्वी होतो हे दाखवायला कचरू नका, त्यानेच पुढच्या सुधारणेला वजन येते.

सुरुवात मास्कच्या सरासरीपासून करा, तिला वेळ लागत नाही. तुमच्या दुसऱ्या मास्कच्या संमिश्र किमतींचे मीन काढा आणि त्याचा मोठेपणा घ्या. ६५,५३६ पिक्सेलच्या खऱ्या यादृच्छिक मास्कला तो ०.००४ च्या आसपास यायला हवा. ०.३ दिसला तर बाकी काहीही करण्याआधी मास्क काढायची रीत बदला, आणि आलेले सगळे आकडे नव्याने काढा.